आई-वडिलांच्या नावावरचं घर त्यांच्या पश्चात कसं विकायचं? ‘एक्झिक्युटर’ म्हणजे कोण आणि त्याच्या सहीला किती वजन?

पेपरच्या आतल्या पानावरचा ‘जाहीर नोटीस’चा रकाना कधी नीट वाचलाय? अमुक पेठेतली मिळकत, मूळ मालक मयत, वारस ती विकत आहेत, कोणाचा हक्क-हितसंबंध, गहाण किंवा बोजा असेल तर इतक्या दिवसांत कागदपत्रांसह वकिलांना कळवा. मजकूर साधारण असाच असतो.

सोलापुरात अशा विक्रीची कारणंही ओळखीची आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी हैदराबादला किंवा परदेशात. आई-वडिलांनी जुळे सोलापुरात, होटगी रोडला किंवा पूर्व भागात आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेलं घर. दोघंही गेल्यावर घराला कुलूप लागतं. दोन-तीन वर्षांनी सगळे म्हणतात, विकून टाकू. गिऱ्हाईक येतं, भाव ठरतो, विसार देण्याची वेळ येते आणि वकील विचारतो, “घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. मृत्युपत्र आहे का? एक्झिक्युटर कोण?”

इथे अनेक व्यवहार अडतात. मग कोणाची सही लागते, कोणत्या कार्यालयात कोणता कागद मिळतो आणि एक्झिक्युटर नेमकं काय करतो, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

मालक गेल्यावर घर कोणाचं होतं?

कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता एक दिवसही बिनमालकाची राहत नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे आणि नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे, मृत्यूच्या क्षणीच हक्क पुढे जातो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव लागणं ही त्या हक्काची नंतर होणारी नोंद आहे. नोंदीमुळे मालकी जन्माला येत नाही आणि नोंद नाही म्हणून वारसाचा हक्क बुडतही नाही. पण नोंद नसेल तर घेणारा पैसे देत नाही आणि बँक कर्ज देत नाही, ही व्यवहारातली अडचण आहे.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू (यात जैन, बौद्ध, शीख आणि लिंगायतही आले) पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे वर्ग एकचे प्रमुख वारस. त्यांना समान वाटा मिळतो. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल, तर त्यांचा वाटा त्यांच्या पत्नी-मुलांकडे जातो. वडील तरुणपणी गेले आणि आजी हयात होती, तर आजीचाही वाटा असतो. हा वाटा विसरला जातो आणि पुढे काका-आत्या उभे राहतात तो बहुतेकदा इथूनच.

घर आईच्या नावावर असेल, तर पहिले वारस तिचा पती आणि मुलं-मुली. मालमत्ता वडिलोपार्जित असेल, तर मुलीचा हक्क जन्मतःच आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘विनीता शर्मा’ खटल्यात सांगितलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते, यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. मुस्लिम कुटुंबांत वाटे शरीयतप्रमाणे ठरतात आणि वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशपेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

बाबांनी मुखत्यारपत्र दिलं होतं, त्यावर विकता येईल?

नाही. साधं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. नोंदणीकृत असलं तरीही. “बाबांनी सगळे अधिकार माझ्या नावे लिहून दिले होते” असं म्हणून त्यावर खरेदीखत केलं, तर ते वादात सापडणारच. मृत्यूनंतर चालणारा कागद एकच, तो म्हणजे मृत्युपत्र.

एक्झिक्युटर म्हणजे नेमका कोण?

मृत्युपत्र म्हणजे इच्छा. ती प्रत्यक्षात आणायला माणूस लागतो. मृत्युपत्र करणाराच तो माणूस नेमून ठेवतो, तो एक्झिक्युटर. मराठी मसुद्यांत त्याला ‘मृत्युपत्राचा व्यवस्थापक’ म्हणतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये त्याचे अधिकार आणि जबाबदाऱ्या दिल्या आहेत.

एक्झिक्युटर नातेवाईक असू शकतो, मित्र, वकील किंवा सीए असू शकतो. ज्याला मालमत्ता मिळणार आहे तोही एक्झिक्युटर होऊ शकतो. एकापेक्षा जास्त जण नेमता येतात. अज्ञान किंवा मनाने असमर्थ व्यक्तीला मात्र न्यायालय प्रोबेट देत नाही. नेमलेल्या माणसावर सक्तीही नाही. त्याला जबाबदारी नको असेल तर तो नकार देऊ शकतो.

सर्वांना माहीत असलेलं उदाहरण रतन टाटांचं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. मृत्युपत्रात चार एक्झिक्युटर होते: ज्येष्ठ वकील दरायस खंबाटा, मेहली मिस्त्री आणि टाटांच्या दोन सावत्र बहिणी शिरीन व डिआना जीजीभॉय. मृत्युपत्राला चार पुरवणीपत्रं जोडलेली होती. ज्या शेअर्सचा स्वतंत्र उल्लेख नव्हता ते कोणाला जाणार, असा प्रश्न आला तेव्हा एक्झिक्युटरनी स्वतः अर्थ लावला नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा उलगडा केला. शंका आली की स्वतःच्या मनाने वाटप न करता न्यायालयाला विचारायचं, हे दोन खोल्यांच्या घराच्या एक्झिक्युटरलाही लागू आहे.

एक्झिक्युटर स्वतःच्या सहीने घर विकू शकतो का?

हो, पण अटींसह. कायद्याने मृताची मालमत्ता एक्झिक्युटरकडे ‘येते’, मात्र ती कायदेशीर प्रतिनिधी म्हणून. तो मालक होत नाही, विश्वस्तासारखा सांभाळणारा असतो. त्या नात्याने मालमत्ता विकण्याचा अधिकार त्याला आहे. मृत्युपत्रात काय लिहिलंय यावर पुढचं अवलंबून असतं.

* “घर विकून रक्कम तिन्ही मुलांत समान वाटावी” असं लिहिलं असेल, तर एक्झिक्युटर ‘लिहून देणार’ म्हणून खरेदीखतावर सही करतो. हा सर्वांत सरळ मार्ग.
* “घर मुलीला द्यावं” असं लिहिलं असेल, तर एक्झिक्युटरचं काम ते घर मुलीच्या हवाली करणं. त्याच्या संमतीने तिचा हक्क पूर्ण होतो. पुढे विकायचं की नाही हे ती ठरवते. इथे एक्झिक्युटरने परस्पर घर विकलं, तर भांडण ठरलेलं.
* “घर विकू नये” किंवा “पत्नीच्या हयातीत विकू नये” अशी अट असेल, तर ती बंधनकारक. त्यातून सुटका हवी असेल तर प्रोबेट घेऊन न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते.

मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नेमलेला नाही, तो वारला किंवा त्याने नकार दिला, तर न्यायालय ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नेमू शकतं. त्याचे हात जास्त बांधलेले असतात. स्थावर मालमत्ता विकायला, गहाण ठेवायला किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायला त्याला न्यायालयाची आधी परवानगी लागते.

व्यवहारातली आणखी एक बाब. एक्झिक्युटरचा अधिकार कागदावर स्पष्ट असला तरी घेणाऱ्याचा वकील बहुतेकदा सर्व वारसांच्या सह्या ‘मान्यता देणार’ म्हणून मागतो. कायद्याने प्रत्येक वेळी त्या लागतातच असं नाही. पण उद्या एखाद्या भावाने मृत्युपत्रच खोटं असल्याचा दावा केला, तर घेणाऱ्याची रक्कम अडकते. म्हणून सह्या मिळत असतील तर घेऊन टाकाव्यात.

सोलापुरातल्या घरासाठी प्रोबेट लागतं का?

‘प्रोबेट’ म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे आणि हा त्याचा एक्झिक्युटर आहे, असं न्यायालयाचं शिक्कामोर्तब. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

हिंदू, जैन, बौद्ध, शीख यांच्यासाठी प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, मद्रास आणि कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरती. मृत्युपत्र तिथे केलेलं असेल किंवा स्थावर मालमत्ता तिथे असेल तर. सोलापुरात केलेलं मृत्युपत्र आणि सोलापुरातलंच घर, तर प्रोबेटची सक्ती तेव्हाही नव्हती. सोलापूरकराचा मुंबईत फ्लॅट असेल तर मात्र प्रोबेट लागायचं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही सक्ती करणारं कलम २१३ काढून टाकलं. जुनी प्रकरणं किंवा आधीच सुरू असलेले दावे असतील, तर वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

सक्ती नाही म्हणजे प्रोबेट निरुपयोगी आहे असं नाही. पुढच्या परिस्थितीत ते घेतलेलं बरं:

* एखादा वारस मृत्युपत्रावर शंका घेत असेल
* दोन वेगवेगळी मृत्युपत्रं समोर आली असतील
* रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसाला मालमत्ता दिली असेल
* साक्षीदार वृद्ध असतील किंवा गाव सोडून गेले असतील

त्यासाठी सोलापूर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

मृत्युपत्र नोंदणीकृत नाही, मग ते रद्दी का?

नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि त्याला मुद्रांकही लागत नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं. अट इतकीच की करणाऱ्याची सही असावी आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सही केलेली असावी. न्यायालयात वेळ आली तर त्यातला निदान एक साक्षीदार हयात असल्यास पुढे यावा लागतो. नोंदणीमुळे मृत्युपत्र खरं ठरतंच असं नाही, पण “नंतर बनवलं” असं म्हणणाऱ्याचं काम अवघड होतं. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका.

घर विकलं, पैसे आले. आधी कोणाला द्यायचे?

इथे एक्झिक्युटरची खरी परीक्षा असते. खात्यात रक्कम जमा होताच वाटप करून मोकळं होता येत नाही. कायद्याने क्रम ठरवलेला आहे:

१. अंत्यविधीचा योग्य खर्च, शेवटच्या आजारपणातला दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च
२. प्रोबेट आणि मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा खर्च
३. मृत्यूपूर्वी तीन महिन्यांतलं कामगार, कारागीर किंवा घरगड्याचं थकलेलं वेतन
४. बाकीची कर्जं: बँक, पतसंस्था, हातउसने
५. आणि या सगळ्यानंतर मृत्युपत्रात नावं असलेले लोक

तिसरा मुद्दा यंत्रमागाच्या गावात महत्त्वाचा आहे. वडिलांचा घरातच कारखाना होता आणि कामगाराची मजुरी बाकी राहिली, तर ती मुलांच्या वाट्याआधी द्यावी लागते.

देणी किती हे कळायला वेळ लागतो. म्हणून मृत्यूपासून एक वर्षापर्यंत वाटप करण्याचं बंधन एक्झिक्युटरवर नाही. “दादा, घर विकून महिना झाला, आमचा हिस्सा कुठाय?” असं बहिणीने विचारलं, तर हे उत्तर कायद्यातच आहे. प्रोबेट घेतलं असेल तर सहा महिन्यांत मालमत्ता आणि देण्यांची यादी, तर एका वर्षात जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. प्रोबेट नसलं तरी वेगळं बँक खातं आणि प्रत्येक पावती ठेवणं शहाणपणाचं.

एक्झिक्युटरने काय करू नये?

* घर स्वतः विकत घेऊ नये. थेट किंवा बायको-मेहुण्याच्या नावाने घेतलं, तरी हितसंबंध असलेला कोणीही तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. खरंच घ्यायचं असेल तर सर्वांची लेखी संमती आणि त्रयस्थ मूल्यांकन आधी घ्या.
* बाजारभावापेक्षा फार कमी किमतीत विकू नये. मालमत्तेचं नुकसान केलं तर ते स्वतःच्या खिशातून भरून द्यावं लागतं.
* मालमत्तेचे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळू नयेत.
* देणी बाकी असताना वाटप करू नये.

मृत्युपत्रच नसेल तर?

मग एक्झिक्युटरही नाही. खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. एकही सुटला तर त्याचा वाटा विकला गेलेला नसतो.

एखाद्या वारसाला वाटा नको असेल, तर त्याने हक्कसोडपत्र करून द्यायचं. पण ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलंच हवं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून “मला काही नको” लिहून घेतलं, तर त्याने घराचा हक्क सुटत नाही. बहिणींकडून सह्या घेताना ही चूक हमखास होते. आणि बहिणीने हक्क सोडलाच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही, हेही लक्षात ठेवा.

वारसांत अज्ञान मूल असेल, तर त्याचा वाटा विकायला पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. आईची सही पुरत नाही. परवानगीशिवाय विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करून मागू शकतं.

एकाच वारसाला आपला वाटा बाहेरच्याला विकायचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग एकच्या इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. त्यामुळे आधी घरच्यांना लेखी विचारा.

वारस परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवता येतं. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून घ्यावं.

‘वारस दाखला’ नेमका कोणता?

तीन वेगवेगळे कागद एकाच नावाने ओळखले जातात, म्हणून चकरा वाढतात.

* वारस नोंद (वारस फेरफार): महसुली किंवा नगर भूमापन दप्तरातली नोंद. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नावं लावण्यासाठी.
* हेअरशिप सर्टिफिकेट: दिवाणी न्यायालय देतं. याचा आधार चक्क १८२७ सालचं बॉम्बे रेग्युलेशन आठ. जुन्या मुंबई इलाख्यातला हा कायदा महाराष्ट्रात आजही वापरात आहे. स्थावर मालमत्तेसाठी वारस कोण हे दाखवायला हा कागद उपयोगी पडतो.
* सक्सेशन सर्टिफिकेट: हेही न्यायालयच देतं, पण ते बँकेतली रक्कम, शेअर, रोखे, येणी यांच्यासाठी. घर-जमिनीसाठी हे चालत नाही.

नॉमिनीला घर विकता येतं का?

“सोसायटीत नॉमिनी मीच आहे, त्यामुळे फ्लॅट माझा.” हा समज खर्चिक ठरू शकतो.

यावरचा सर्वांत महत्त्वाचा खटला एका मराठी घरातलाच आहे. ‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर यांचं ऑगस्ट २०१३ मध्ये निधन झालं. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, पण काही म्युच्युअल फंड आणि ठेवींवर नॉमिनी म्हणून नावं लावलेली होती. ती रक्कम नॉमिनींची की वारसांची, असा प्रश्न उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी उत्तर दिलं: नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे. नॉमिनी रक्कम किंवा शेअर स्वीकारतो, पण मालकी मृत्युपत्र किंवा वारसा कायद्यानेच ठरते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतही हेच सूत्र आहे. सहकार कायद्यातल्या दुरुस्तीनुसार वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. त्यावर तो एकट्याने फ्लॅट विकू शकत नाही.

नोंदी कुठे बदलायच्या?

मिळकत शहरात कुठे आहे यावर हे ठरतं.

* जुन्या पेठा, सिटी सर्व्हे झालेला भाग: नगर भूमापन कार्यालयात अर्ज, प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं.
* हद्दवाढ भाग, जिथे अजून सातबारा चालतो: तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाइन अर्जही करता येतो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत देणं महसूल संहितेत अपेक्षित आहे.
* महापालिका: मिळकत कराच्या दप्तरात नाव वेगळं लावावं लागतं. कराची पावती मालकीचा पुरावा नाही, पण थकबाकी असेल तर व्यवहार अडतो.
* वीज आणि नळ जोडणी: शेवटी, पण विसरू नका.

अर्जासोबत साधारणपणे मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, आधार-पॅन आणि मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत लागते. मृत्यू दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढून ठेवा.

राज्यात मृत खातेदारांची नावं सातबारावर वर्षानुवर्षं राहिल्यामुळे महसूल विभागाने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. त्यात तुमच्या घरातली नोंद झाली का, हे सातबारा ऑनलाइन काढून तपासा.

सीमेवरच्या कुटुंबांसाठी एक सूचना. शेत इंडी, आळंद किंवा अफझलपूर भागात असेल तर तिथे कर्नाटकची ‘पहाणी’ चालते आणि नोंदही तिथल्याच महसूल कार्यालयात करावी लागते. वारसा कायदा एकच, पण मुद्रांक आणि फेरफाराचे नियम त्या राज्याचे.

मृत्युपत्रावरच वाद असेल तर तलाठी किंवा भूमापन अधिकारी तो सोडवू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की अशा वेळी आधी दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करावा लागतो, फेरफार त्यानंतर.

कर किती बसेल?

चांगली बातमी आधी. वारसाने घर मिळालं म्हणून कर नाही. भारतातला इस्टेट ड्युटी कर १९८५ मध्येच रद्द झाला. कर लागतो तो विकताना, भांडवली नफ्यावर.

खरेदी किंमत कोणती धरायची? वडिलांनी घेतलं तेव्हाची. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल, तर त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं (मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत). घर किती वर्षं जवळ होतं हे मोजतानाही वडिलांची वर्षं जोडली जातात.

समजा वडिलांनी १९८८ मध्ये घर घेतलं. २००१ चं मूल्य ३ लाख. आता ६० लाखांना विकलं.

* नफा: ६० − ३ = ५७ लाख
* तीन वारस, प्रत्येकाचा नफा: १९ लाख
* १२.५ टक्क्यांनी प्रत्येकाचा कर: २ लाख ३७ हजार ५०० रुपये, अधिक उपकर

निवासी करदात्यांना २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो. वरच्या उदाहरणात १२.५ टक्केच स्वस्त पडतो, पण तुमचं गणित सीएकडून दोन्ही पद्धतींनी काढून घ्या. नफा दुसऱ्या घरात किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत (कमाल ५० लाख) गुंतवला तर सूट मिळते.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल, तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. विकणारे तिघे आणि प्रत्येकाचा वाटा २० लाख असला तरी एकूण रक्कमच पाहिली जाते. विकणारा एनआरआय असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि कपातही बरीच जास्त होते. त्याने कमी कपातीचं प्रमाणपत्र व्यवहाराआधीच काढावं.

आणि एक जबाबदारी विसरली जाते. मृत व्यक्तीचं शेवटच्या वर्षाचं आयकर विवरणपत्रही कायदेशीर प्रतिनिधीलाच भरावं लागतं. वाटप होईपर्यंत घरभाडं किंवा व्याज येत राहिलं, तर एक्झिक्युटरला त्याचं विवरणपत्र वेगळं द्यावं लागतं.

वाद झाला तर किती काळ जातो?

बाळासाहेब ठाकरे यांचं १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झालं. त्यांचं मृत्युपत्र १३ डिसेंबर २०११ चं होतं. त्याला जयदेव ठाकरे यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिलं. वडिलांची मनःस्थिती त्या वेळी मृत्युपत्र करण्याजोगी नव्हती, असा त्यांचा मुद्दा होता. साक्षी, उलटतपासण्या झाल्या आणि अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी आव्हान मागे घेतलं. तोवर जवळपास सहा वर्षं उलटली होती.

सामान्य घरात सहा वर्षं कुलूप राहिलं तर छत गळतं, मिळकत कराची थकबाकी चढते, कुणीतरी घुसून बसतं. म्हणून मृत्युपत्र करताना वय जास्त असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडण्याचा सल्ला वकील देतात.

विसार घेण्याआधीची यादी

१. मृत्युपत्र आहे का, शेवटचं कोणतं, याचा घरात आणि दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या
२. सर्व वारसांची वंशावळ लिहा; आजी, मृत भावंडांची मुलं विसरू नका
३. मूळ खरेदीखत, बांधकाम परवाना, कराच्या पावत्या एकत्र करा
४. बँक किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवा
५. वारस नोंद पूर्ण करा, मगच साठेखत
६. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि पेपरात जाहीर नोटीस
७. रक्कम प्रत्येक वारसाच्या (किंवा एक्झिक्युटर असेल तर मालमत्तेच्या) खात्यात चेक किंवा ऑनलाइनच, रोखीत नाही

आई-वडील हयात असतील तर

वरची निम्मी धावपळ एका कागदाने वाचते. मृत्युपत्राचा विषय घरात काढायला मुलांना संकोच वाटतो आणि आई-वडिलांना ते अशुभ वाटतं. पण दोन पानं पुरतात. कोणती मिळकत कोणाला, आधीचं मृत्युपत्र रद्द, एक्झिक्युटर कोण, तो नसेल तर दुसरा कोण, आणि घर विकायचा अधिकार त्याला आहे की नाही हे एका स्पष्ट वाक्यात. एक्झिक्युटर वयाने लहान आणि शक्यतो गावातला निवडा. पंचाहत्तरीच्या मित्राला नेमलं तर तोच आधी जाण्याची शक्यता असते. नेमण्यापूर्वी त्याला विचारा आणि मूळ मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते सांगून ठेवा. बँकेच्या लॉकरमध्येच मृत्युपत्र ठेवलं आणि लॉकर एकट्याच्या नावावर असला, तर ते बाहेर काढायलाच वारसांना कागदपत्रं जमवत बसावं लागतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक मिळकतीचा इतिहास वेगळा असतो; प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी वकील आणि सीएचा सल्ला घ्या.)